लडाख की स्पिती : गोंपा आणि गावे पाहायची असतील, तर कुठे जावे?

अजिंठा पाहून झाल्यावर बौद्ध चित्रकला पुढे हिमालयात कशी वाढली, हे पाहण्याची इच्छा ज्यांना होते, त्यांच्यासमोर साधारणपणे दोन नावे येतात : लडाख आणि हिमाचल प्रदेशातील स्पिती. दोन्ही प्रदेश हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहेत. माण-खटाव ज्या कारणाने कोरडे, त्याच कारणाने हेही कोरडे, फक्त इथे सह्याद्रीच्या जागी हिमालयाची रांग आहे आणि उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास. उघडे डोंगर, खोल नद्या आणि निळे आकाश दोन्हीकडे मिळते, त्यामुळे निसर्गावरून निवड करायला गेल्यास निर्णय होत नाही. हाताशी किती दिवस आहेत, शरीराला उंची कितपत मानवते आणि नेमके काय पाहायचे आहे, या तीन गोष्टींवरून तो करावा.

आधी उंचीचा विचार करू. दिल्लीहून विमानाने निघालेला माणूस सव्वा-दीड तासात सुमारे 3,500 मीटरवरील लेहला उतरतो. शरीराला हा बदल समजायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन दिवस खोलीतच, फार तर बाजारात फिरून काढावे लागतात. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत हे दोन दिवस बहुधा खाऊन टाकलेले असतात आणि तिसऱ्या दिवशीच पाच हजार मीटरपलीकडच्या खर्दुंग ला खिंडीत लोकांना नेऊन उभे केले जाते, जे मुळीच शहाणपणाचे नाही. स्पितीला विमान जात नाही. शिमल्याहून किन्नौरमार्गे, म्हणजे कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत काझा या स्पितीच्या मुख्य गावी पोहोचायला तीन-चार दिवस लागतात. पण हे अंतर हळूहळू चढत कापले जात असल्याने शरीर वाटेतच सरावते. मनालीहून काझा केवळ दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मात्र त्या वाटेवर सुमारे 4,550 मीटर उंचीची कुंझुम खिंड लगेच समोर येते. म्हणून किन्नौरकडून आत शिरावे आणि मनालीकडून बाहेर पडावे, उलट करू नये.

सोबत वयस्कर माणसे असतील, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लेहमध्ये मोठे रुग्णालय आहे आणि विमानतळही जवळ आहे. परंतु विमान रद्द झाल्यास रस्त्याने खाली उतरण्यासाठी आधी उंच खिंडी चढाव्या लागतात. काझात वैद्यकीय सोय बेताची आहे, पण किन्नौरच्या बाजूने कोणतीही खिंड न ओलांडता खाली उतरत जाता येते.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे कलेकडे. स्पितीचे ताबो आणि लडाखचे आल्ची ही खरी जोडी. दोन्ही ठिकाणांशी परंपरेने लोचावा (म्हणजे बौद्ध ग्रंथांचा अनुवादक) रिन्छेन झांगपो याचे नाव जोडले जाते, दोन्ही ठिकाणी काश्मिरी कलाकारांचा हात दिसतो आणि दोन्हींना ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात दोहोंचा अनुभव मात्र अगदी वेगळा आहे.

ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन 996 मध्ये पश्चिम तिबेटमधील गुगे राज्याच्या येशे-ओ या राजाने स्थापन केला आणि तेव्हापासून तिथे पूजापाठ चालू आहे. बाहेरून पाहिले तर मातीच्या भिंतींची बुटकी, रंगहीन घरे. आपण चुकीच्या ठिकाणी तर आलो नाही ना, अशी शंका यावी. मुख्य मंदिरात शिरल्यावर मात्र डोळे अंधाराला सरावतात आणि भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या वर, मातीच्या 32 मूर्ती बाहेर झुकलेल्या दिसू लागतात. मध्यभागी चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध आहे. या सगळ्या मूर्ती मिळून एक मंडल होते, म्हणजे एरवी कापडावर सपाट दिसणाऱ्या मंडलाच्या आत आपण उभे असतो. मूर्तींच्या खाली एका भिंतीवर सुधन या ज्ञानाच्या शोधात निघालेल्या तरुणाची यात्रा आणि समोरच्या भिंतीवर बुद्धचरित्र रंगवलेले आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर कथा वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना ही मांडणी लगेच ओळखीची वाटते.

आल्ची लेहपासून सुमारे 65 किलोमीटरवर, सिंधू नदीच्या काठी, जर्दाळूच्या झाडांमध्ये आहे. तिथले तीन मजली सुमत्सेक मंदिर साधारण 11व्या ते 13व्या शतकादरम्यानचे मानले जाते. आत अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या बोधिसत्त्वांच्या मूर्ती इतक्या उंच आहेत की त्यांची मस्तके वरच्या मजल्यात जातात. खरी गंमत त्यांच्या धोतरांवर आहे : अवलोकितेश्वराच्या धोतरावर मंदिरे आणि राजवाडे, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र आणि मंजुश्रीच्या धोतरावर 84 महासिद्ध, म्हणजे तांत्रिक बौद्ध सिद्धपुरुष, इतक्या बारीक कुंचल्याने की जवळ जाऊनच ते दिसावे. त्या काळातील काश्मीरमधली बौद्ध चित्रकला तिथे जवळजवळ उरलेली नाही, त्यामुळे तिचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे आल्चीच. परंतु आज आल्चीत भिक्षुसंघ राहत नाही, लिकिर गोंपाचे लामा देखभाल करतात. वरच्या मजल्यावर सहसा सोडत नाहीत आणि गर्दीच्या दिवसांत आत फार रेंगाळताही येत नाही. माझे मत विचाराल, तर रेषा आणि रंग पाहायचे असतील तेव्हा आल्ची श्रेष्ठ, पण मंदिर म्हणून ताबोचा ठसा अधिक खोल उमटतो. छायाचित्रांना दोन्हीकडे आत मनाई आहे.

चित्रांपलीकडच्या, लोकांच्या जगण्यातल्या संस्कृतीत लडाखचा पसारा मोठा आहे. सतराव्या शतकात लडाखचा राजा सेंग्गे नामग्याल याने बांधवलेला नऊ मजली लेह राजवाडा, त्याच्या पायथ्याशी असलेली त्याच शतकातील जामा मशीद, आणि 1971च्या युद्धानंतर भारतात आलेले बाल्टी लोकांचे तुर्तुक गाव हे सगळे एका सहलीत बसते. हेमिस गोंपाचा उत्सव जून-जुलैत असतो. तिथला मोठा थंगका, म्हणजे कापडावरचे धार्मिक चित्र, बारा वर्षांतून एकदाच उलगडतात, मागची वेळ 2016 मध्ये आली होती आणि त्या हिशेबाने पुढची 2028 मध्ये येईल. मुखवट्यांचे चाम नृत्य गर्दीविना पाहायचे असेल, तर हिवाळ्यातला एखादा गोंपाचा उत्सव गाठावा. विमान चालू असल्याने तेही जमते, थंडी सोसण्याची तयारी मात्र हवी.

स्पितीत एवढे वैविध्य नाही. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर कड्याच्या टोकाशी टेकलेला धनकर गोंपा, काझाजवळचा की गोंपा, जीवाश्मांसाठी प्रसिद्ध लांगझा गाव आणि पिन खोऱ्यातील, तिबेटी बौद्धांच्या न्यिंग्मा पंथाचा कुंगरी गोंपा, एवढ्यात बहुतेक यादी संपते. तिथे पाहायचे ते घरात राहून : वाटाण्याची शेते, सातूचे पीठ, कोरडा संडास आणि संध्याकाळी चुलीभोवती बसलेले कुटुंब. हिक्कीमच्या उंच टपाल कार्यालयातून पत्र पाठवण्यासाठी लागणारी रांग मात्र टाळली तरी चालेल.

हंगामाच्या दृष्टीने सप्टेंबर दोन्हीकडे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये या खोऱ्यांत पाऊस कमी असला, तरी किन्नौर आणि कुलूच्या वाटांवर दरडी कोसळतात, त्यामुळे शाळेच्या सुट्टीनंतर लगेच जाणाऱ्यांनी लेहचे विमान पकडलेले बरे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, पोस्टपेड लागते. परदेशी पारपत्र असलेल्या मराठी मंडळींना किन्नौर ते ताबो या पट्ट्यासाठी परवाना काढावा लागतो.

आठ दिवस असतील, तर लडाख. तेही पँगाँग सरोवराचा एक दिवस वगळून आल्ची, बास्गो आणि लामायुरू या ठिकाणांच्या गोंपांसाठी राखून. अकरा दिवस मिळत असतील, तर स्पिती, आणि त्यात ताबोला एक रात्र मुक्काम. काझाहून धावती भेट दिल्यास मंदिर बंद सापडू शकते. गावात राहिल्यास सकाळी लामा कुलूप उघडतात तेव्हा बहुधा आपण एकटेच असतो, आणि परवानगी विचारून सोबत आणलेली छोटी विजेरी लावली की सुधनाची भिंत टप्प्याटप्प्याने पाहता येते.