पार्ल्याचा भाषण क्लब: एका खजिनदाराचा अभिप्राय

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि सर्वसाधारण सभेत उभं राहून आकडे सांगायचं काम खजिनदार म्हणून माझ्या गळ्यात आलं. बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसा, काम चालू असतानाचं भाडं, कार्पेट एरिया म्हणजे घरातली वापरायची जागा, कागदावर सगळं तोंडपाठ. माईक हातात आला की घशाला कोरड. म्हणून पार्ले पूर्वेला एका शाळेच्या वर्गात दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या या क्लबात नाव घातलं.

क्लब स्वतंत्र आहे, पण पद्धत उघडउघड टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेची. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या त्या संस्थेचे क्लब मुंबईतही आहेत. मी इथे आलो कारण इथे मराठीत बोलता येतं, आणि आमच्या सोसायटीतली भांडणं मराठीत होतात.

जागेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बाकं पाचवीच्या मुलांच्या मापाची, गुडघे मावत नाहीत. पंखा आवाज करतो, वारा कमी.

कामाची गोष्ट म्हणजे आयत्या वेळच्या विषयांची फेरी. चिठ्ठी उचलायची, लगेच उभं राहायचं, एक ते दोन मिनिटं बोलायचं. एक मिनिट झालं की हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. मला ‘शेवटची लोकल चुकली तर’ आला होता. पहिलं वाक्य कसंही असो, ते तोंडातून बाहेर पडलं की पुढचं सुचतं, हे त्या फेरीत कळलं. एक सभासद वही घेऊन प्रत्येकाचे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘तर’ मोजत बसतो आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. लाज वाटते, पण पुढच्या वेळी त्या जागी माणूस गप्प राहायला शिकतो.

तयारीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं. आमच्या पिढीने भाषण म्हणजे ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून घोकलेला मजकूर असंच शिकलं. मधली एक ओळ विसरली की पोरगं तिथेच रडायला लागायचं. इथे पाठांतर करूच देत नाहीत, चार मुद्दे कार्डावर लिहून आणायचे.

भाषणानंतर दोन-तीन मिनिटांचं मूल्यमापन होतं. ते इथे जरा जास्तच गोड. ‘खूप छान’, ‘काय आत्मविश्वास’, झालं. अपवाद एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचा. मला म्हणाले, “आकडा आला की तुम्ही जमिनीकडे बघता. लोकांना वाटणार, हा काहीतरी लपवतोय.” फी तिथेच वसूल. तेव्हापासून मी आकडा आधी फळ्यावर लिहितो, समोरच्या कोणा एकाकडे बघून सांगतो आणि थांबतो.

मोठी उणीव एकच: इथे कोणी मधे बोलत नाही. सगळे शांत बसतात, शेवटी टाळ्या. आमच्या सभेत दुसऱ्या वाक्यालाच तिसऱ्या मजल्यावरचे काका उठतात, “बिल्डरने तुम्हाला किती दिले?” महिन्यातून एकदा अडवणाऱ्या श्रोत्यांसमोर बोलायचा सराव ठेवा, असं मी सुचवलं. वातावरण सकारात्मक राहू दे, असं उत्तर मिळालं. अहो, सोसायटीत सकारात्मक वातावरण असतं तर मी कशाला आलो असतो!

तरी उपयोग झाला. भाड्याचा तक्ता सांगताना हात थरथरत होते. काका उठलेच. मी थांबलो, त्यांना बोलू दिलं आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढचा आकडा घेतला. पूर्वी अशा वेळी मी कागद सेक्रेटरीकडे सरकवून खाली बसायचो.

पाहुणा म्हणून जायला पैसे लागत नाहीत, तेव्हा आधी जाऊन बघा. कोपऱ्यातल्या बाकावर बसलात तर चिठ्ठी तुमच्यापर्यंत येत नाही, म्हणून पुढे बसा. आवाज, उच्चार, निवेदन शिकायचं असेल तर ही जागा नव्हे. चारचौघांत उठून उभं राहायची भीती घालवायची असेल तर जरूर जा. माझ्याकडून पाचापैकी साडेतीन. रविवारी सकाळची बॅच काढली तर चार देईन, कारण शनिवारी रात्री पार्ल्याहून बोरिवलीच्या गाडीत शिरणं काही कुठला क्लब शिकवत नाही.