वजनकाट्याआधीची त्वचा तपासणी: अमेरिकन कॉलेज कुस्तीतली ही व्यवस्था कितपत भरवशाची?

एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेच्या कुस्तीत मल्लाचं वजन घेण्याच्या सुमारास डॉक्टर किंवा प्रमाणित ॲथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती आणि आरोग्य पाहणारा) त्याची त्वचा डोक्यापासून तळपायापर्यंत पाहतो. शंकास्पद काही आढळलं आणि त्यावरच्या उपचाराचा डॉक्टरने भरलेला फॉर्म सोबत नसला, तर मल्ल त्या दिवसापुरता बाद. या व्यवस्थेबद्दल आमचं मत आधीच सांगतो: नियम उत्तम आहेत, फॉर्म चांगला आहे, अंमलबजावणी मात्र तपासणाऱ्याच्या नजरेवर आणि खोलीतल्या उजेडावर फार अवलंबून आहे.

नियम इतके कडक का, हे १९८९ च्या उन्हाळ्यात मिनेसोटात शाळकरी मल्लांच्या शिबिरात जे झालं त्यावरून कळतं. १७५ पैकी ६० मुलांना हर्पिसची, म्हणजे स्पर्शाने पसरणाऱ्या आणि फोड आणणाऱ्या विषाणूची लागण झाली. बहुतेकांचे फोड डोक्यावर, चेहऱ्यावर आणि मानेवर होते, कारण पकड घेताना गालाला गाल आणि मानेला मान घासते. मराठीत हर्पिसला सरसकट नागीण म्हणतात. इथे तसं चालणार नाही. नागीण वेगळ्या विषाणूची, आणि तिचे नियमही वेगळे.

या नियमांचा कणा म्हणजे तासांचा हिशेब. तो स्पर्धेच्या वेळेपासून मागे मोजायचा. लढत शनिवारी सकाळी १० ला आहे असं धरू. गळू, केसतूड, इम्पेटिगो (खपली धरणारे वरवरचे फोड), सेल्युलायटिस (त्वचेखाली पसरणारी लाल सूज) अशा जीवाणूजन्य संसर्गात ७२ तासांची प्रतिजैविकं पूर्ण हवीत, म्हणजे पहिला डोस उशिरात उशिरा बुधवारी सकाळी १० ला. शिवाय शेवटच्या ४८ तासांत नवा फोड उठलेला नको आणि जखम ओली, लस किंवा पू वाहणारी नको. हर्पिसला १२० तासांची पोटात घ्यायची विषाणूरोधक औषधं लागतात, म्हणजे सोमवारी सकाळी १० ला सुरुवात. मंगळवारी सकाळी पहिली गोळी घेणाऱ्याचे शनिवारी ९६ तासच भरतात. खपली कितीही छान धरलेली असली तरी तो बाद. पहिल्यांदाच हर्पिस झाला असेल तर ताप आणि अंग मोडून येणं पूर्ण गेलेलं हवं आणि तपासणीआधीच्या ७२ तासांत नवा फोड नको. जुना हर्पिस उलटला असेल तरी १२० तासांत सवलत नाही. म्हणून ज्यांना तो वारंवार उलटतो, त्यांनी हंगामभर प्रतिबंधक डोस घेण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. चुणचुण जाणवल्यावर धावपळ करून हे तास भरून निघत नाहीत.

खपलीबद्दल जरा सविस्तर, कारण वाद इथेच होतात. नियमाला कोरडी, घट्ट चिकटलेली खपली हवी. हातमोजा घालून गॉझने हलकं पुसलं की ती जागची हलायला नको आणि खालून ओल दिसायला नको. मधासारखी पिवळट, मऊ खपली म्हणजे इम्पेटिगोचा संशय. डाग लहान दिसावा म्हणून आदल्या रात्री खपली खरवडून काढणारे मल्ल असतात. खालची कातडी ओली उघडी पडते, आणि जो पास झाला असता तोच बाद होतो. नायटा सँडपेपरने घासणं, त्यावर ब्लीच लावणं, मेकअपने झाकणं हेही प्रकार चालतात. भाजलेली, सोललेली गोल जागा सरावलेल्या नजरेला लगेच कळते. त्या जागेतून जीवाणू शिरतात ते वेगळंच.

‘पट्टी बांधून खेळू द्या’ ही विनंती सगळ्यात जास्त होते. पू असलेली जखम किंवा सक्रिय हर्पिस झाकून खेळता येत नाही, आणि हा नियम अगदी योग्य आहे. तीन, दोन, दोन अशा सात मिनिटांच्या लढतीत घामाने चिकटपट्टी सुटते आणि घासाघाशीत ती प्रतिस्पर्ध्याच्या मानेखाली जाते. संघांच्या लढतीत एक वजनगट सोडून द्यावा लागला तर समोरच्याला ६ गुण मिळतात, तेव्हा प्रशिक्षकाचा जीव तुटणं समजू शकतं. तरीही ट्रेनरने इथे ढिलाई करू नये.

नायट्यात मात्र झाकायला वाव आहे. अंगावरच्या नायट्याला किमान ७२ तास मलम आणि डोक्यातल्याला किमान दोन आठवडे पोटातून औषध, कारण मलम केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही. एखाददुसरा किंवा एकाच जागी असलेला चट्टा नीट झाकता येत असेल तर खेळता येतं. धुऊन, मलम लावून, हवा जाऊ देणारी पारदर्शक फिल्म, तिच्यावर प्रीरॅप (टेपखालची पातळ फोमची पट्टी) आणि मग ताणाची टेप. प्रत्येक लढतीनंतर ती काढून जागा कोरडी होऊ द्यायची. चट्टे पसरलेले आणि सक्रिय असतील तर झाकूनही चालत नाही.

बाकीचं थोडक्यात. खरूज असेल तर स्पर्धेच्या वेळी त्वचेच्या खरवडीची तपासणी निगेटिव्ह हवी, उवांना औषध करून पुन्हा तपासणी. मोलस्कमचे (विषाणूमुळे उठणारे लहान) दाणे आधीच काढून टाकायचे. चेहऱ्यावरच्या बऱ्याच चामखिळी मास्कखाली झाकता आल्या नाहीत तर बाद.

आता फॉर्म. पुढून-मागून शरीराची आकृती, तिच्यावर डागांच्या खुणा, निदान, औषधाचं नाव, उपचार सुरू झाल्याची तारीख आणि वेळ. रचना साधी, काम पुरेपूर. अडचण भरणाऱ्यांची. कुस्तीशी संबंध नसलेले डॉक्टर निदानात नुसतं ‘पुरळ’ लिहितात आणि वेळेचा रकाना कोरा सोडतात. वेळ नसली की १२० तास मोजायचे कुठून? दवाखान्यातून निघण्याआधी हा रकाना मल्लाने स्वतः वाचावा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नायट्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम. लाली दबते, बुरशी पसरत राहते आणि तपासणीच्या दिवशी चट्ट्याची कड ओळखू येत नाही.

उणिवा दोन. नियमात बुरशीसाठी केओएच (त्वचेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि हर्पिससाठी झँक (फोडातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) किंवा प्रतिजन (विषाणूचे अंश शोधणारी) चाचणी आहे, पण व्यायामशाळेच्या कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक कुठून येणार? मग निर्णय डोळ्यांवर. कपडे बदलायच्या खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली, घाईघाईत, कानामागे, केसांच्या रेषेत, काखेत आणि गुडघ्यामागे नीट पाहिलं जात नाही. पांढरा प्रखर दिवा आणि अंगावर फक्त शॉर्ट्स, एवढी किमान अट ठेवावी.

दुसरी उणीव अधिकाराची. कागद कुठल्याही डॉक्टरचा असो, अंतिम शब्द यजमान ठिकाणी तपासणी करणाऱ्या डॉक्टरचा किंवा ट्रेनरचा. शेवटचा शब्द एकाचाच असावा, हे बरोबर. पण दोन संघांच्या लढतीत तो बहुधा यजमान कॉलेजच्याच नोकरीत असतो. तो कितीही प्रामाणिक असला तरी पाहुण्या संघाच्या मनात शंका राहतेच. निदान वादग्रस्त डागाच्या वेळी दोन्ही संघांच्या ट्रेनरनी एकाच दिव्याखाली तो एकत्र पाहावा, आणि पाहुण्यांनी शंकास्पद डागाचा भरलेला फॉर्म निघण्याआधीच यजमानांना पाठवून ठेवावा.