दोरी, स्लिंकी की परात? तरंग शिकवायला काय हाताशी घ्यावं

नववीच्या मुलांना अवतरंग (कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात) आणि अनुतरंग (कण तरंगाच्याच दिशेत पुढे-मागे होतात) शिकवायचे आहेत, तास एकच आहे आणि खर्च स्वतःच्या खिशातून होणार आहे. अशा वेळी तीनच गोष्टी समोर येतात: सुती दोरी, स्लिंकी नावाची ती लवचीक स्प्रिंग, नाहीतर पाण्याची परात. माझं मत आधीच सांगतो, एकच घ्यायची तर स्लिंकी घ्या. पाणी मात्र शेवटी, आणि जपून.

दोरी जवळपास फुकटच. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसऱ्याला झटका द्या. उंचवटा धावत जातो, दोरी जागच्या जागी राहते. बांधलेल्या टोकावरून तो उलटा होऊन परततो. दोरी आणखी ताणली की वेग वाढतो, पण ताण चौपट केला तरच वेग दुप्पट होतो. आणि एक गंमत फक्त दोरीतच नीट दिसते. ती दोन उभ्या गजांमधल्या फटीतून न्या. वर-खाली हलवली तर तरंग आरपार जातो, आडवी हलवली तर गजांवर आपटून तिथेच अडतो. ध्रुवणाचा चष्मा, म्हणजे प्रकाशाचं एकाच दिशेतलं कंपन आरपार सोडणारा, याच तत्त्वावर चालतो, आणि ध्रुवण फक्त अवतरंगांचंच होतं. दोरीची अडचण एवढीच की तिला मागून ढकलता येत नाही, त्यामुळे अनुतरंग दाखवायला ती कामाची नाही. आणि हवेतला ध्वनी अनुतरंगच असतो, म्हणजे ध्वनीचा धडा राहिलाच.

स्लिंकी १९४३ मध्ये रिचर्ड जेम्स या अमेरिकन अभियंत्याला योगायोगाने सुचली आणि १९४५ मध्ये खेळणं म्हणून विकायला आली. गुळगुळीत फरशीवर ती दोघांनी ताणून धरावी. बाजूला झटका दिला की अवतरंग. काही वेढे गोळा करून सोडले की अनुतरंग. दाटीचा पट्टा म्हणजे संपीडन, विरळ पट्टा म्हणजे विरलन. हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरने जाणारा ध्वनी इथे डोळ्यांनी पाहता येतो. एका वेढ्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे तो जागेवरच पुढे-मागे होतो हे मागच्या बाकावरूनही कळेल.

आता मुलांना एक प्रश्न टाका: स्लिंकी दोन मीटर ताणली आणि मग तीन मीटर, तर तरंगाला टोकापर्यंत जायला कधी जास्त वेळ लागेल? सगळे 'तीन मीटर' म्हणतात. मोबाइलच्या स्टॉपवॉचने दोन-तीन फेऱ्या मोजल्या की वेळ जवळजवळ सारखाच निघतो. ताणल्याने ताण वाढतो, शिवाय दर मीटरमागचं वस्तुमान कमी होतं. लांबी वाढते तितकाच वेगही वाढतो.

याच कारणाने स्लिंकीत दोन्ही तरंग जवळपास एकाच वेगाने धावतात, आणि तिथे ती फसवते. भूकंपात तसं होत नाही. खडकातून अनुतरंग, म्हणजे पी तरंग, अवतरंगांच्या सुमारे पावणेदोन पट वेगाने येतात, म्हणून भूकंपमापकावर आधी त्यांची नोंद होते. भूकंपाचे अवतरंग द्रवातून जातच नाहीत. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे हे त्यावरूनच ओळखलं गेलं. हे तोंडी सांगावंच लागेल. खरेदी करताना धातूची घ्या. प्लॅस्टिकची रंगीत स्लिंकी पहिल्याच दिवशी गुंतते. माझी अजून कपाटात तशीच पडून आहे.

परात दिसायला सर्वांत देखणी. गोल परातीत अगदी मध्यभागी थेंब टाकला की वलयं कडेला आपटून पुन्हा मध्यावर गोळा होतात. परावर्तनासाठी याहून सुंदर काही नाही. पण पाण्यातला खडा हे अवतरंगाचं उदाहरण म्हणून सर्रास दिलं जातं, ते मला पटत नाही. पाण्याचे कण नुसते वर-खाली होत नाहीत, गोल फिरतात. उथळ पाण्यात ते वर्तुळ चपटं होऊन पुढे-मागेच जास्त हलतात. थर्माकोलचा मणी टाकून बघा. शुद्ध अवतरंग शिकवायला हे उदाहरण नकोच.

मात्र खोली आणि वेग यांचं नातं पाण्यातच दिसतं. लांबट ट्रेमध्ये १ सेंटीमीटर पाणी घ्या, एक कड थोडी उचलून सोडा. लाट सेकंदाला साधारण ३१ सेंटीमीटर जाते. पाणी ४ सेंटीमीटर केलं की वेग जवळपास दुप्पट होतो. २००४ च्या त्सुनामीलाही हेच गणित लागू होतं: ४ किलोमीटर खोल समुद्रात लाटेचा वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर, आणि किनारा उथळ होत गेला की ती मंदावते आणि उंच होते.