'सगळ्या कन्सोलला चालतो' म्हणून घेतलेला कंट्रोलर: माझे ७,७६९ कसे गेले

कंट्रोलरचे, म्हणजे गेम खेळताना हातात धरायच्या बटणांच्या यंत्राचे, ५,४९९. त्यावर तो कन्सोलला जोडायच्या अडॅप्टरचे १,८५०. परत पाठवायच्या कुरिअरचे ४२०. एकूण ७,७६९. हे पैसे परत येणार नाहीत असं मी आता धरून चाललेय. पण तोच माल, तेच फोटो आणि 'पीएस५, एक्सबॉक्स, स्विच, पीसी, मोबाइल, सगळ्याला एकच' ही जाहिरातीतली ओळ अजून फिरतेय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहायला बसले.

आधी एक सांगते, कारण ज्याला त्याला हेच विचारायचं असतं: तुला यातलं काही कळतं का? मी काही काल-परवा खेळायला लागलेली नाही. चौदा वर्षं व्हिडिओ गेम खेळतेय. पीएस५ सोनीचा, एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचा, स्विच निन्टेन्डोचा; तिन्ही वेगळे कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं. एक्सबॉक्सचा कंट्रोलर पीएस५ला लागत नाही आणि पीएस५चा एक्सबॉक्सला लागत नाही, हे मला पाठ आहे. मला गरज होती ती अशी: माझ्याकडे पीएस५ आणि पीसी, धाकट्या भावाकडे एक्सबॉक्स सिरीज एस, भाचीकडे स्विच. सगळे जमलो की कुठेही बसलो तरी एक कंट्रोलर कमी पडतो. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा घेण्यापेक्षा बॅगेत टाकून नेता येईल असा एक हवा होता. यात हाव कुठे आली? मोड बदलून स्विच, पीसी आणि अँड्रॉइड अशा तिन्हींवर चालणारे कंट्रोलर खरोखरच मिळतात. भावाकडे तसला एक आहे आणि तो उत्तम चालतो. जाहिरातवाल्यांनी याच खऱ्या गोष्टीला पीएस५ आणि एक्सबॉक्स हे दोन शब्द चिकटवले होते. अर्धं खरं असलेलं खोटं ओळखायला वेळ लागतो.

विक्रेत्याला मेसेज केला. पहिलं उत्तर आलं, "ताई, मुलासाठी घेताय का?" म्हटलं, मला हवाय. "हो हो, कोणालाही चालेल." तिथेच डोकं फिरायला हवं होतं. उलट मी आणखी प्रश्न विचारून त्याला दाखवायला गेले की मला यातलं कळतं. एक्सइनपुट आहे की डायरेक्टइनपुट (कंट्रोलरने विंडोजशी बोलायच्या दोन पद्धती)? "दोन्ही ताई." ब्लूटूथ की डाँगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर)? "दोन्ही." एक्सबॉक्सवर चालतो? "हो ताई, सगळ्यावर." एवढ्या सगळ्या प्रश्नांना एकदाही 'नाही' म्हणाला नाही. मालाची माहिती असलेला माणूस कुठेतरी 'नाही' म्हणतोच. एक्सबॉक्स ब्लूटूथ कंट्रोलर घेतच नाही, त्याची वायरलेस पद्धत मायक्रोसॉफ्टची स्वतःची आहे, म्हणजे निदान त्या प्रश्नाला तरी 'ब्लूटूथ तिथे चालणार नाही' असं उत्तर यायला हवं होतं.

मी पुरावा मागितला. त्याने व्हिडिओ पाठवला. आता ज्या क्षणाने मला रात्र रात्र झोप लागलेली नाही, तो सांगते.

व्हिडिओ २ मिनिटं ४० सेकंदांचा. समोर पीएस५, हातात तो कंट्रोलर, पडद्यावर मेन्यू सरकतोय, गेम सुरू होतो, गाडी पळते. मी तो तीनदा पाहिला. गेमच्या नावाशेजारी पडद्यावर 'पीएस४' (पीएस५च्या आधीचा कन्सोल) अशी छोटी खूण होती. ती मला दिसली. धूसर नव्हती, झाकलेली नव्हती. दिसली, आणि मी मनात म्हटलं, जुना गेम लावलाय वाटतं. बस्स, एवढंच. पुढे गेले.

हे मला माहीत होतं हो! पीएस४चा कंट्रोलर पीएस५वर फक्त पीएस४चे गेम खेळायला चालतो. पीएस५चे गेम सुरू केले की तो निरुपयोगी. २०२० मध्ये पीएस५ आला तेव्हापासून हा नियम आहे, आणि तो मी स्वतः दोन जणांना समजावून सांगितलाय. म्हणजे त्या छोट्या खुणेचा अर्थ असा होता की हा कंट्रोलर स्वतःला पीएस४चा म्हणवतोय आणि माझ्या पीएस५वरच्या बहुतेक गेमना त्याचा काडीचा उपयोग नाही. विक्रेत्याने लपवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर धरलं होतं.

एक्सबॉक्सचा दुसरा व्हिडिओ आला तोही तसाच. हिरवा लोगो, गेमची यादी, सगळं ओळखीचं. ते कन्सोल नव्हतंच. पीसीवर उघडलेलं एक्सबॉक्सचं अ‍ॅप होतं. खाली कोपऱ्यात विंडोजची पट्टी क्षणभर चमकून गेली, ती मला पैसे गेल्यानंतर दिसली. कुणी व्हिडिओ दाखवला तर कन्सोल बंद असताना सुरुवात करायला सांगा, कंट्रोलरच्या बटणाने तो चालू करून दाखवायला सांगा, आणि पीएस५चा म्हणून दाखवत असेल तर गेम फक्त पीएस५साठी निघालेलाच हवा. सलग दहा मिनिटं. दहाच का, ते पुढे येतंच.

किंमत ५,७८९ लिहिली होती. "थेट खात्यावर पाठवलेत तर ५,४९९ लावतो." २९० वाचवायला मी खरेदीचं संरक्षण सोडून दिलं. याबद्दल माझ्याकडे काही सबब नाही.

चौथ्या दिवशी खोकं आलं. कुठल्याच कन्सोलच्या कंपनीची परवाना असल्याची खूण त्यावर नव्हती, नुसती नावं छापलेली होती. नाव छापणं वेगळं आणि परवाना असणं वेगळं. परवानाधारक कंट्रोलरच्या खोक्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं.

पीसीला लावला, लगेच चालला. मी खूश. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पाहिलं तर 'एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर', व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०४५ई, पीआयडी (वस्तूचा क्रमांक) ०२८ई. म्हणजे २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६०चा वायरवाला कंट्रोलर असल्याची बतावणी. एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. विंडोजला पटकन ओळखता यावं म्हणून चांगले कंट्रोलरही एक्सइनपुट मोडमध्ये हाच क्रमांक सांगतात. विंडोज तो क्रमांक मानतं आणि पुढे काही विचारत नाही. कन्सोल विचारतो, तिथेच सगळा फरक आहे.

संध्याकाळी पीएस५ला लावला. पीएस४चा एक जुना गेम सुरू केला, चालला. आणि आठव्या मिनिटाला कंट्रोलरची जोडणी तुटली. परत जोडला, परत आठ मिनिटं. मला वाटलं बॅटरी असेल. चार्ज केला. केबल बदलली. कारण नंतर वाचून कळलं: पीएस४च्या पद्धतीत कंट्रोलरला आपली ओळख सोनीच्या गुप्त डिजिटल किल्लीने सही करून पटवावी लागते. ती पटली नाही तर साधारण आठ मिनिटांत जोडणी तोडली जाते. म्हणून त्याचा व्हिडिओ २ मिनिटं ४० सेकंदांचा होता! त्याला पक्कं माहीत होतं. पीएस५चा गेम लावल्यावर तर डुअलसेन्स, म्हणजे पीएस५चा स्वतःचा कंट्रोलर, जोडा असाच संदेश आला.

भावाच्या एक्सबॉक्सने त्याला ओळखही दाखवली नाही. दिवा लुकलुकतोय, पडदा ढिम्म. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये ओळख पटवणारी सुरक्षा चिप लागते आणि ती परवान्याशिवाय मिळत नाही. नावाजलेल्या कंपन्या एक्सबॉक्ससाठी वेगळं मॉडेल काढतात ते याचसाठी. एकाच मॉडेलवर पीएस५ आणि एक्सबॉक्स अशी दोन्ही कन्सोलची नावं दिसली की तिथूनच मागे फिरा. स्विचवर मात्र चालला, ए आणि बी बटणांची अदलाबदल लक्षात ठेवावी लागली आणि कन्सोल झोपेतून उठवता आला नाही, एवढंच. म्हणजे ५,४९९ मोजून मला तेच मिळालं जे भावाच्या कंट्रोलरमध्ये आधीच होतं.

विक्रेत्याला फोन केला. आवाजात जराही चलबिचल नाही. "ताई, एक्सबॉक्ससाठी अडॅप्टर लागतो, तो सगळेच घेतात. १,८५०. तुम्ही आधी विचारलं नाहीत." मी विचारलं होतं, मेसेज समोर आहेत. तरी मी पैसे भरले. का? कारण असे अडॅप्टर खरंच असतात आणि ५,४९९ वाया गेले हे मान्य करण्यापेक्षा १,८५० घालून ते वाचवावेत असं त्या क्षणी शहाणपणाचं वाटलं. घरच्यांना अजून काही सांगितलं नव्हतं, हेही खरं.

अडॅप्टर आला. सोबतच्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात: वापरताना कन्सोलचा मूळ कंट्रोलर दुसऱ्या पोर्टला जोडून ठेवावा. म्हणजे कन्सोलने ओळख विचारली की उत्तर खऱ्या कंट्रोलरने द्यायचं आणि खेळायचं याने. मला कंट्रोलर कमी पडतो म्हणून हा घेतला, आणि हा चालवायला एक खरा कंट्रोलर अडकवून ठेवायचा! तरी भावाने त्याचा जोडला. पडद्यावर आलं: अनधिकृत अ‍ॅक्सेसरी. २०२३च्या नोव्हेंबरपासून एक्सबॉक्स अशी साधनं अडवतो, हे भावाने तिथल्या तिथे शोधून दाखवलं. भाऊ एक शब्द बोलला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

परत पाठवायला सांगितल्यावर विक्रेता गोड झाला. पत्ता दिला. ४२० भरून पार्सल पाठवलं. नऊ दिवसांनी 'पत्ता अपूर्ण' शिक्का मारून ते माझ्याच दारात. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

आता तक्रारीचं ऐका. जिथे जाहिरात होती तिथल्या मदत कक्षाला मी अकरा मेल पाठवले. सात उत्तरं शब्दशः सारखी: व्यवहार आमच्या बाहेर झाला असल्याने आम्ही दिलगीर आहोत. व्यवहार बाहेर झाला, पण खोटी जाहिरात तर तुमच्या आत आहे ना? ती तरी काढा! त्यावर, "आमच्या तपासणीत जाहिरात नियमांचं उल्लंघन करत नाही." कुणी तपासली? काय लावून तपासली? पैसे पाठवले त्या सेवेने सांगितलं, तुम्ही स्वतः मंजुरी दिली, व्यवहार यशस्वी आहे. यशस्वी! हा शब्द त्यांनी तीन वेळा वापरला.

मग पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "वस्तू मिळाली ना?" मिळाली. "चालते ना?" कॉम्प्युटरवर चालते. "मग फसवणूक कसली?" मी कन्सोल, परवाना, आठ मिनिटं, सगळं सांगितलं. व्हिडिओ दाखवले. त्यांनी लिहून घेतलं: 'खेळण्याचा रिमोट नादुरुस्त.' मी म्हटलं रिमोट नाही, आणि नादुरुस्तही नाही, खोटं सांगून विकलाय. "मॅडम, घरातल्या कुणा मुलाला घेऊन या, तो नीट समजावेल." चाळीस वर्षांची बाई स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूबद्दल बोलतेय, आणि समजावायला मुलगा हवा. दुसऱ्यांदा गेले तर साहेब बदललेले, कागद सापडेना. तिसऱ्यांदा कळलं की हे ग्राहक तक्रारीत बसतं. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लागतो. पत्ता अपूर्ण आहे, हीच तर माझी तक्रार आहे! ऑनलाइन अर्ज केला, तो एकोणिसाव्या दिवशी बंद झाला. स्थिती: 'निराकरण झाले.' कुणाचं झालं, ते लिहिलेलं नाही.

तुम्ही कंट्रोलर शोधत असाल तर सुरुवात सगळ्यात कडक कन्सोलपासून करा. घरात एक्सबॉक्स असेल तर एक्सबॉक्सचाच घ्या. ब्लूटूथवाला असेल तर तो पीसी, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतो. जुना घेताना बघून घ्या: २०१६च्या आधीच्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाही, आणि त्यात मधल्या लोगोच्या बटणाभोवतीचं चकचकीत प्लास्टिक बंपरच्या (वरच्या कडेच्या बटणांच्या) तुकड्याशी सलग असतं. पीएस५ असेल तर डुअलसेन्स, पीसी आणि फोनवरही चालतो. या दोन्हींचा एकमेकांशी मेळ अधिकृतपणे कुणीही घालून देत नाही, कुणी 'देतो' म्हणालं तर फोन ठेवा. केबल आधी बदलून पाहा, नुसती चार्जिंगची केबल असेल तर चांगला कंट्रोलरही मेलेला दिसतो. खोकं उघडताना चित्रीकरण करा. मी केलं नव्हतं, आणि "तुम्हीच खराब केला असेल" हेही मला ऐकावं लागलं.

काल पुन्हा बघितलं. जाहिरात आहे, फक्त विक्रेत्याचं नाव नवं. फोटो तेच, किंमत ५,९९९. खाली मी प्रश्न टाकला: पीएस५चा गेम लावून सलग दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवाल का? वीस मिनिटांत प्रश्न उडवला गेला आणि मला खासगीत मेसेज आला, "ताई, मुलासाठी घेताय का?"