वाचन अडतंय: 'शिकण्याची शैली' की ध्वनी-अक्षर पद्धत?

वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी विशेष शिक्षकापुढे बहुधा हे दोन मार्ग असतात. मूल 'बघून शिकणारं' की 'ऐकून शिकणारं' ते ठरवून तसं शिकवणं ऐकायला पटतं. पण २००८ च्या संशोधन-आढाव्यात त्याला पुरेसा आधार सापडला नाही. ध्वनी आणि अक्षराची जोडी क्रमाने, उलगडून शिकवण्याच्या बाजूने मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली कौल दिला.

अर्थात तो पुरावा इंग्रजीचा. आपल्याकडे काना-मात्रा, जोडाक्षरं. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात. तरी मी ध्वनी-अक्षराचाच मार्ग धरेन, पण दर आठवड्याला नोंद ठेवून: किती शब्द बरोबर आले, कुठलं जोडाक्षर अडलं. प्रगती दिसेना, तर सराव लगेच बदलायचा.