ऑफिसच्या ॲपला विंडोजचं लॉगिन आपोआप द्यायचं का वेगळा लॉगिन फॉर्म ठेवायचा?

आमच्या वाळूजच्या प्लांटमधे रजा, गेटपास, स्टोअरची मागणी असलं सगळं एका वेब ॲपवर चालतं, आणि त्यासाठी मी दोन्ही पद्धती वापरून बघितल्यात. बरेच जण विचारायलेत म्हणून लिहायलोय. एक तर माणूस सकाळी विंडोजला लॉगिन झालेलाच असतो, तीच ओळख ब्राउझरनं सर्व्हरला द्यायची. नाहीतर आपला फॉर्म ठेवायचा आणि एलडॅपनं (डिरेक्टरीशी बोलायची पद्धत) ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे कंपनीच्या विंडोज अकाउंटांच्या यादीला, पासवर्ड बरोबर आहे का ते विचारायचं. आयपीवरून (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता) माणूस ओळखा म्हणणारेबी भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार, डीएचसीपीनं (पीसींना आयपी वाटणारी व्यवस्था) आयपी बदलला की एकाची रजा दुसऱ्याच्या खात्यावर.

फॉर्म करायला सोपा हे मान्य. मोबाइलवर चालतो, कुठल्याबी ब्राउझरमधे चालतो. फक्त पासवर्ड तुमच्या ॲपमधून जातो हे ध्यानात ठेवा, साधं एलडॅप 389 पोर्टवर उघडं जातं, 636 वर एलडॅप्स, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं एलडॅप, घ्या.

पण माझं डोकं फिरलं ते अकाउंट लॉक होण्यानं. आमच्या स्टोअरमधे मराठी टायपिंग चालतं, कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असतो आणि फॉर्ममधे दिसतात नुसते ठिपके, मग माणूस ठोकतोय पासवर्ड, चुकतोय, परत ठोकतोय, डिरेक्टरी प्रत्येक वेळ मोजून ठेवते आणि लिमिट संपली की लॉक. बरं लॉक एकट्या ॲपला नसतं ना, शेअर फोल्डर गेलं, जेवून आल्यावर पीसी उघडंना, आणि फोन कोणाला तर मला. "साहेब, तुमच्या ॲपनं माझं कॉम्प्युटर बंद पाडलं." यावर काय बोलणार?

आपोआपच्या पद्धतीत पासवर्ड टाइपच करायचा नाही, त्यामुळं हा प्रकारच संपतो. सुरुवातीला डोकेदुखी आहे, खोटं कशाला बोलू. आयआयएसमधे (विंडोजचा वेब सर्व्हर) विंडोज ऑथेंटिकेशन चालू केलं पण ॲनॉनिमस, म्हणजे ओळख न विचारता आत सोडणं, चालूच ठेवलं तर यूजरचं नाव रिकामं येतं. ॲपच्या पत्त्यात टिंब असलं की विंडोज त्याला बाहेरची साइट समजतं आणि क्रोम, एज पासवर्डची खिडकी उघडतात, मग तो पत्ता ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकदम सेटिंग लावायची सोय) इंट्रानेट झोनमधे, म्हणजे आतल्या साइटांच्या यादीत, टाकावा लागतो. फायरफॉक्सची सेटिंग वेगळी. लोकांना नावानंच ॲप उघडायला लावा, आयपी टाकून उघडलं तर कर्बेरोस (पासवर्ड न पाठवता तिकिटावर ओळख पटवायची पद्धत) सहसा चालतच नाही. ॲप पूल (आयआयएसमधे ॲप ज्यात चालतं तो भाग) वेगळ्या सर्व्हिस अकाउंटवर असेल तर एसपीएन (ॲपच्या नावाची कर्बेरोससाठीची नोंद) त्याच अकाउंटवर पाहिजे, नाहीतर गुपचूप एनटीएलएमवर (ओळख पटवायची जुनी पद्धत) उतरतं किंवा खिडकी येतच राहते. आणि एनटीएलएमवर भागवू नका, मायक्रोसॉफ्टनं 2024 मधेच ते बंद करायच्या यादीत टाकलंय. पण हे सगळं एकदाच करायचं, तेबी आपल्या जागेवर बसून. फॉर्मचे फोन मात्र रोजचे.

आता जिथं शिफ्टमधली सगळी माणसं एकाच लॉगिनवर बसतात, गेटवर किंवा लाइनवर, तिथं आपोआप ओळख काही कामाची नाही, ॲपला तो एकच माणूस दिसणार. उघडा पीसी सोडून चहाला जायची सवय असेल तर दुसरं कोणीबी रजा मंजूर करू शकतं, म्हणून स्क्रीन लवकर लॉक होईल असं बघा. ज्यांचे बहुतेक पीसी डोमेनमधे, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेले, नाहीत त्यांनी तर फॉर्मच ठेवावा, उगं माझं ऐकून त्रास करून घेऊ नये.

ऑफिसात मात्र माणसागणिक पीसी आणि डोमेन असेल तर मी तरी आपोआपच घेईन. आमच्याकडं सध्या तेच चालू आहे. गेटसाठी आणि जालन्याच्या गोडाऊनसाठी वेगळ्या पत्त्यावर छोटा फॉर्म ठेवलाय, त्याला पिन आमचा स्वतःचा आहे, डोमेनचा पासवर्ड तिथं मागतच नाही, त्यामुळं तिथं कोणी कितीबी वेळा चुकलं तरी विंडोजचं अकाउंट लॉक होत नाही.