बोअरचं पाणी, कोरडी टाळू आणि शिकेकाई: थंडीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

पुण्याच्या जरा बाहेर, बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत आम्ही राहायला आलो. बादलीच्या कडेला पांढरे थर, नळाच्या जाळीत खडे. दिवाळीनंतर थंडी पडली आणि डोक्याला खाज सुटली ती थांबेचना. काळ्या कुर्त्याच्या खांद्यावर बारीक पिठासारखा भुगा. शाम्पू बदलला की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तेव्हा शिकेकाई सुरू केली. आता पावसाळा लागलाय, त्यामुळे लिहिण्याइतका वापर झालाय.

तयार पाकिटातली पूड जाडसर निघाली, केसांत कण अडकून बसायचे. मग काष्ठौषधीच्या दुकानातून सामान आणलं: अर्धा किलो शिकेकाई, 100 ग्रॅम आवळकाठी, 100 ग्रॅम मेथी, वासापुरता नागरमोथा आणि कपूरकाचरी. दुकानदार रिठा घ्याच म्हणत होता, मी मुद्दाम घेतला नाही. फेस भरपूर येतो, पण तेलही तितकंच ओरबाडून काढतो आणि माझ्याकडे मुळात तेलाचीच टंचाई. दळायला पिठाच्या गिरणीत कुणी घेत नाही. मसाला कांडपवाल्याने घेतलं, पण शिंकून शिंकून त्याची आणि माझी दोघांची दैना झाली. नाकाला रुमाल बांधूनच जा.

पूड थेट डोक्यावर थापू नका. दोन-तीन चमचे रात्री पाण्यात भिजवायची, सकाळी एक उकळी आणायची आणि जुन्या पंच्यातून गाळून घ्यायची. मेथीमुळे पाणी बुळबुळीत होतं, त्यामुळे केस गुंतत नाहीत. उरलं तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतं, म्हणून लागेल तेवढंच करा. डोळे घट्ट मिटा, पुढचं ज्यांच्या डोळ्यांत लहानपणी गेलीय त्यांना सांगायला नको. फेस जेमतेम येतो. सुरुवातीला केस धुतलेच नाहीत असं वाटतं, टोकं रखरखीत राहतात. नंतर ते सरतं.

जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात साबण लावला की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून चिकट साका होतो आणि तो टाळूवर बसतो. शिकेकाईतल्या सॅपोनिनचं, म्हणजे फेस आणणाऱ्या नैसर्गिक घटकाचं, तसं होत नाही. पाण्यातले क्षार मात्र तिथेच असतात, म्हणून शेवटचा तांब्या मी फिल्टरच्या पाण्याचा घेते.

आता तेल. सासूबाईंचं म्हणणं, रात्रभर चोपडून ठेव. मला न्हायच्या आधी अर्धा-पाऊण तास थोडं खोबरेल पुरतं; रात्रभर ठेवून फक्त उशीचा अभ्रा खराब होतो. आमच्या ह्यांच्या डोक्यावर मात्र तेलाने वाईट झालं. त्यांचे पापुद्रे मोठे, पिवळट, चिकट. म्हणजे खरा कोंडा. तो मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीशी जोडलेला असतो आणि ही बुरशी तेलावरच जगते. शिकेकाईनं काडीचा फरक पडला नाही. डॉक्टरांनी 2 टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू दिला, फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा, त्यानं उतरलं. माझा बारीक, कोरडा भुगा आणि त्यांचा कोंडा एकाच उपायानं जाणार नव्हते. नैसर्गिकच्या हट्टापायी हे विसरू नये.

लिंबू खाजऱ्या टाळूला लावू नका, झोंबतं. कोरफड छान, पण पान कापून उभं ठेवा आणि पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. त्यानंच उलट खाज येते. जास्वंदीची पानं वाटून लावून पाहिली. गार वाटतं, बाकी विशेष काही नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास खाज जवळजवळ गेली. सगळं श्रेय शिकेकाईला देणार नाही, कारण थंडीही तेव्हा संपली होती. शिवाय मी गीझरचं कढत पाणी सोडून कोमटवर आले आणि रोजचं न्हाणं आठवड्यातून दोनदावर आणलं. माझ्या मते अर्धं काम या दोन गोष्टींनीच केलं, आणि त्यांना पैसे पडत नाहीत. पूड दळायचा व्याप नको असेल तर आधी एवढंच करून पाहा.

जाड, चंदेरी खपल्या असतील, चट्ट्यांवरचे केस जात असतील किंवा खाजवून रक्त येत असेल तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि शाळेत जाणारं मूल घरात असेल तर सगळ्यात आधी उवा बघा.